बसल्या मापाचं हँडल

रघुपती हंचाटेला एक खोड होती. नवा माणूस समोर आला की तो तोंडाकडे बघायच्या आधी खांद्यांकडे बघायचा. उजवा खांदा जरा उतरलेला, पाठीला किंचित पोक, मान डावीकडे कललेली, हे सगळं समोरचा 'नमस्कार' म्हणेपर्यंत त्याच्या डोक्यात नोंदलं गेलेलं असायचं. त्यात त्याचा काही दोष नव्हता. बेंगळुरातल्या कॉटनपेटेत हंचाट्यांच्या पाच पिढ्या शिंपीकामात गेल्या होत्या आणि त्या घरातलं मूल रांगायला लागलं की पहिला खडू तोंडात घालायचं. एवढं सगळं असून हा सहाव्या पिढीचा माणूस कापडाला हात लावत नव्हता. तो पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत लोखंडी पाइप वाकवत होता.

असं नाही की त्याला शिवण येत नव्हती. सोळाव्या वर्षी त्याने एका वकिलाचा कोट असा बेतला होता की खुद्द त्याचे वडील नरसिंहराव दोन मिनिटं गप्प राहिले होते, आणि नरसिंहराव दोन मिनिटं गप्प राहणं ही त्या घरात मोठीच गोष्ट होती. पण रघुपतीचं मन कापडात रमलं नाही. कापड फार ऐकतं, म्हणायचा तो. सांगाल तिकडे वळतं, त्यात मजा काय? विसाव्या वर्षी तो पीण्याच्या एका फर्निचरच्या कारखान्यात शिरला, लोखंड तापवून त्याला हवं तिकडे वळवायला शिकला आणि तिथेच चिकटला. वीस वर्षांनी कारखाना बंद पडला तेव्हा लोकांना वाटलं, आता हा मुकाट्याने कॉटनपेटेत येऊन मशीनवर बसेल. पण त्याने कारखान्यातलं जुनं पाइप वाकवायचं यंत्र उचललं, तिथेच मागच्या गल्लीत पत्र्याची शेड घेतली आणि दवाखान्याच्या खाटा न् कँटीनच्या खुर्च्या वाकवत बसला.

नरसिंहरावांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. डोळ्यांवर दोन चष्मे, एक नाकावर, एक कपाळावर. दुकान अजून चालू होतं, पण रेडिमेडच्या जमान्यात जुनी गिऱ्हाइकं तेवढी उरली होती, आणि तीही एकेक करून कमी होत होती. म्हाताऱ्याला दुकानापेक्षा हंचाटे हे नाव जाईल याची काळजी. १९९६ सालच्या श्रावणात एका सोमवारी, उपास सोडायला दोघं पानावर बसले असताना त्यांनी विषय काढलाच.

"रघू, खुर्ची काय रे, जो बसंल त्याची. लोखंडाला अंगाची ओळख नसते. आपण अंगाचं काम करणारी माणसं. यंदा खंडेनवमीला कात्रीची पूजा तू कर म्हणतो मी."

याचा अर्थ रघुपतीला सांगायची गरज नव्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळं बेंगळूर आयुधपूजा करतं. जो ज्या अवजारावर पोट भरतो, ते तो धुऊनपुसून पुजतो. हंचाट्यांच्या घरात त्या दिवसाला खंडेनवमी म्हणतात, आणि दुकानातल्या मोठ्या कात्रीची पूजा जो करील तो त्या वर्षापासून दुकानाचा धनी. कात्री पुजायची म्हणजे शेडला कुलूप.

"लोखंडसुद्धा अंगाला बसवता येतं, अण्णा," रघुपती म्हणाला. खरं तर त्याने असं काही कधी केलं नव्हतं. पण राग आला की माणूस बोलून जातो.

"बसव की मग. नक्को कोण म्हणतो? खंडेनवमीपर्यंत तू केलेलं लोखंड अंगाला बसलेला एक माणूस माझ्यासमोर आण. आणलास तर मी परत तोंड उघडत नाही. नाही आणलास तर मशीनवर बसायचं. सरी?"

"सरी, कबूल," रघुपती म्हणाला, आणि पानात ताकभात कालवत राहिला. दिलेला शब्द म्हणजे कापलेलं कापड, असं त्या घरात मानत. एकदा कात्री फिरली की फिरली.

आता अंगाला बसणारं लोखंड मागायला कोण येणार? पंधरा दिवस कोणी आलं नाही. खाटा आल्या, खुर्च्या आल्या, एका बालवाडीची घसरगुंडी आली. रघुपती घसरगुंडी वाकवता वाकवता मनात म्हणत होता, शहाण्या, जीभ आवरली असतीस तर काय बिघडलं असतं?

आणि मग फत्तेसिंग मोहिते आले.

मोहिते फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मत्तीकेऱ्यात घर, आणि पीण्यातल्या एका मोठ्या कारखान्याच्या गेटवरच्या सगळ्या पहारेकऱ्यांचे ते प्रमुख. वय एकसष्ट, मिशा पंचवीस वर्षांच्या माणसाच्या. त्यांच्याजवळ एक जपानी क्रूझर मोटरसायकल होती, त्यांच्या कर्नलसाहेबांनी बेंगळूर सोडताना दिलेली. लांब पुढे गेलेलं चाक, आरामखुर्चीसारखी बुटकी सीट, पाय पुढे सोडून रेलून बसायचं. अख्ख्या मत्तीकेऱ्यात तशी दुसरी नव्हती. तीस वर्षं ह्या ना त्या गाडीवर बसलेला हा माणूस गाडीवरून कधी पडला नाही आणि त्या एप्रिलमध्ये स्वतःच्या न्हाणीघरात साबणावरून घसरला. डावं कोपर मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण हात सरळ होईना. कोपर वाकतं ते वाकतं, उघडायला गेलं की अर्ध्यात अडतं. क्रूझरच्या हँडलपर्यंत ह्या माणसाचा हात पोचेना, आणि डाव्या हाताने क्लच दाबल्याशिवाय गाडी हलत नाही.

"पाच महिने अंगणात उभी आहे," सुभेदार म्हणाले. "आमची मंडळी तिच्या सीटवर सांडगे वाळवतात. जे. सी. रोडच्या स्पेअरपार्टच्या दुकानांतून दोन हँडलं आणून बघितली. एक उंच, एक रुंद. मी ह्या दोन्हींतल्या कुणाच्याच मापाचा नाही. मास्तर, खुर्ची वाकवता तसं माझ्या हातापुरतं एक हँडल वाकवाल काय? आयुधपूजेला मला तिच्यावर बसायचंय. नाही जमलं तर विकून टाकीन म्हणतो. गाडी अशी उभी बघवत नाही."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली. रघुपतीला भरून आलं, आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, आनंदही झाला. देव पावला होता. त्याने खुंटीवरची टेप काढली.

इथे एक सांगायला हवं. ह्या कामात कुठलाही मेकॅनिक करणार नाही अशी चूक रघुपतीने केली, आणि ती त्याने अगदी मन लावून केली. सुभेदारांना शेडच्या मधोमध उभं केलं. "सरळ उभे राहा," म्हणाला. फौजी माणूस तो. सरळ उभा राहा म्हटल्यावर टाचा जुळल्या, छाती बाहेर, पोट आत, खांदे मागे. रघुपतीने खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट, पाठीची रुंदी, छाती, सगळं माप कोटाचं घ्यावं तसं घेतलं. पुढच्या रविवारी मत्तीकेऱ्याला जाऊन गाडीचं माप वेगळं घेतलं: सीटपासून हँडलच्या क्लॅम्पपर्यंत किती, टाकी किती उंच. घरी येऊन दोन्ही मापं जोडली, कागदावर बेत काढला. बेत इतका देखणा दिसत होता की त्याने तो भिंतीवर चिकटवला.

मग काम. बिनजोडाचा पाइप आणला. त्यात कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही टोकांना लाकडी गुट्ट्या मारल्या, म्हणजे वाकवताना पाइप चपटा होत नाही. वाकायच्या जागा लाल होईपर्यंत तापवल्या आणि यंत्रावर सावकाश, श्वास रोखून वळवल्या. चार वळणं, चारही गुळगुळीत. शेजारच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करणारा शिवाप्पा बघायला आला आणि कन्नडात म्हणाला की असं वळण त्याने परदेशी हँडलावरही बघितलेलं नाही. क्रोमही लागला. रघुपतीला वाटलं, जिंकलोच.

शिवाप्पाने अंगणातल्या गाडीवर हँडल चढवलं. सुभेदार बसले. आणि काय झालं? उभ्याने ताठ असलेला माणूस त्या बुटक्या सीटवर रेलला की पाठ गोल होते, खांदे पुढे येतात, आणि आत ओढलेलं पोट आपल्या जागी परत येतं. हँडलची टोकं पोटाला भिडली. डावीकडे वळवलं तर मूठ गुडघ्यात रुतली. आणि कोपर? कोपर तर पहिल्यापेक्षा वाईट कोनात अडकलं.

"चांगलं झालंय," सुभेदार म्हणाले. घामाने कपाळ डबडबलं होतं त्यांचं. "सवय होईल हळूहळू."

त्यांच्या पत्नी सकवारबाई दारात उभ्या होत्या. त्यांना असलं गोड बोलणं जमत नसे. "कसली सवय? बैलाच्या शिंगांत सापडल्यागत दिसताय. उतरा बघू आधी."

सुभेदार उतरले. कोणी कोणाला दोष दिला नाही, आणि त्यामुळेच रघुपतीला जास्त लागलं. हँडल गोणपाटात गुंडाळून तो बसमध्ये बसला. खंडेनवमीला नऊ दिवस राहिले होते. कॉटनपेटेला उतरेपर्यंत त्याचा निर्णय झाला होता.

दुकानात नरसिंहराव काज करत बसले होते. रघुपतीने गोणपाट त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"हरलो, अण्णा. बसलं नाही."

म्हाताऱ्याने गोणपाट सोडलं. नाकावरचा चष्मा कपाळावर, कपाळावरचा नाकावर. मग हँडल हातात घेऊन कोटाची शिवण तपासावी तसा त्याच्या प्रत्येक वळणावरून अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा. "सुरकुती नाही कुठं," ते हळूच म्हणाले. एकवीस वर्षांत त्यांनी रघुपतीच्या लोखंडाला हात लावला नव्हता. "वळण सुरेख आहे. मग बसलं का नाही? माप कसं घेतलास?"

रघुपतीने सांगितलं. उभं करून खांदा, कोपर, मनगट, पाठ.

"उभ्यानं?" नरसिंहरावांचा आवाज चढला. "गाडीवर बसणाऱ्या माणसाचं माप उभ्यानं घेतलास? अरे, रेसकोर्सच्या जॉकींच्या तंग विजारी, ब्रीचेस, मी तीस वर्षं शिवल्या. कँटोन्मेंटातल्या घोडेस्वारांच्या शिवल्या. त्यांतल्या एकाला तरी मी उभा करून मापला काय? ह्या बाकड्यावर लोड बांधायचा, त्यावर टांग टाकून बसवायचा, मग टेप. उभा माणूस वेगळा, बसलेला वेगळा. बसला की अंग बदलतं. उभ्या मापाची ब्रीचेस घालून घोड्यावर बसला तर पहिल्या उडीला शिवण फाटते आणि साहेब घोड्यावरून आधी शिंप्याच्या नावानं ओरडतो. माझ्या पोराला हे सांगायला लागतं, अय्यो."

रघुपती खाली मान घालून ऐकत होता. चूक त्याला एका क्षणात कळली, आणि इतकी साधी चूक केली म्हणून स्वतःचीच चीड आली. "तुम्ही जिंकलात, अण्णा," तो म्हणाला. "खंडेनवमीला येतो मी दुकानात."

"खंडेनवमीला अजून नऊ दिवस आहेत. ट्रायल बिघडला म्हणून शिंपी दुकान बंद करतो काय? उद्या सकाळी मला त्या फौजीकडं घेऊन चल."

रघुपती त्यांच्याकडे बघतच राहिला. गप्प बसले असते तर पोरगा आपोआप मशीनवर येत होता. पण हंचाट्यांच्या घरातून बाहेर पडलेली वस्तू कुणाच्या तरी अंगावर वाईट बसली आहे, ही गोष्ट त्या म्हाताऱ्याला पैज जिंकूनसुद्धा झोप लागू देणार नव्हती. रघुपतीला त्या वेळी आपल्या बापाचं फार प्रेम वाटलं. बोलून दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती, म्हणून त्याने नुसतं गोणपाट परत गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरसिंहराव इस्त्रीचं धोतर, कोट, गळ्यात टेप अशा थाटात मत्तीकेऱ्याला पोचले. सकवारबाईंनी सीटवरचे सांडगे उचलले. सुभेदारांना गाडीवर बसवलं, आणि ते बसताक्षणी सवयीने ताठ झाले.

"सुभेदारसाहेब, सावधान नक्को," नरसिंहराव म्हणाले. "विश्राम. जेवून उठल्यावर बसता तसं बसा. आता डोळे मिटा. समोर काही नाही. हँडल नाही, काही नाही. सुम्ने, उगीच आपले, लगाम धरल्यागत हात धरा. कुठं धरावे वाटतात तिथं."

सुभेदारांनी डोळे मिटले. दोन्ही हात हवेत आले, थोडे हलले, आणि हळूहळू आपापल्या जागी स्थिरावले. उजवा हात पुढे आणि खाली. डावा त्याच्यापेक्षा तीन बोटं मागे, दोन बोटं वर, आणि मनगट जरा आत वळलेलं. त्या जागी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. रघुपतीला ते स्पष्ट दिसलं. अंगाने स्वतःच जागा सांगितली होती.

नरसिंहराव मापं सांगत गेले, रघुपती वहीत लिहीत गेला. "डावं पुढं साडेसोळा. उजवं साडेअठरा. गुडघ्यापासून मूठ, स्वल्प जास्त ठेव, वळताना लागतं."

"अण्णा, दोन्ही बाजू सारख्या नाहीत. हँडल वाकडं दिसेल."

"दोन्ही हात सारखे कुणाचेच नसतात. शर्टात आपण ते लपवतो. इथं लपवू नकोस."

ह्या वेळी रघुपतीने घाई केली नाही. कोट शिवताना आधी कच्ची शिलाई करतात, तसं त्याने आधी वायरिंगच्या पातळ पाइपाचं हँडल करून गाडीवर बांधलं. सुभेदार बसले, डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. जिथे कोपर कुरकुरलं तिथे खडूने खूण, जिथे गुडघा जवळ आला तिथे खूण. पातळ पाइप हाताने वाकतो, म्हणून दोनदा वळणं बदलली. तिसऱ्या वेळी खडूने खूण करायला जागाच सापडली नाही. मग खऱ्या पाइपाला वाळू भरली.

क्रोमवाल्याची सणाची सुट्टी लागली होती, म्हणून हँडल घासून घासून त्यावर काळा रंग दिला. एक मूठ पुढे, एक मागे, असं ते विचित्र जनावर शेडमध्ये वाळत पडलं होतं. बघणारे हसत होते. रघुपतीला हसू येत नव्हतं. बसलं तर बसलं, नाही तर दुसऱ्या दिवसापासून काज-बटणं.

खंडेनवमीच्या सकाळी पीण्यात एकही यंत्र चालू नव्हतं आणि एकही यंत्र बिनफुलाचं नव्हतं. शेडच्या दारांना केळीचे खुंट, लेथवर झेंडूच्या माळा, ट्रकांच्या टपांवर कोहळे. शिवाप्पा क्रूझर चालवत घेऊन आला. मागोमाग रिक्षातून सुभेदार, आणि थोड्या वेळाने कॉटनपेटेहून नरसिंहराव. त्यांच्या काखेत एक लांबट गाठोडं होतं. रघुपतीने ते आकारावरूनच ओळखलं. त्यात मोठी कात्री होती. म्हातारा तयारीने आला होता.

शिवाप्पाने टाकीवर जुनी चादर टाकली, म्हणजे ब्रेकचं तेल सांडलं तर रंग जाऊ नये. जुन्या हँडलवरचे आरसे, लिव्हर, स्विच उतरवले. मुठी साबणाच्या पाण्याने ढिल्या करून ओढल्या. रघुपतीने स्वतः नवं हँडल क्लॅम्पमध्ये बसवलं, चारही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. लिव्हर चढले, स्विच चढले, मुठी चढल्या. शिवाप्पाने गाडी चालू केली आणि जागेवरच हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं. इंजिन आपल्या लयीत धडधडत होतं. मग पूर्ण डावीकडे वळवलं आणि इंजिन एकदम भुंकायला लागलं.

सगळ्यांचे चेहरे उतरले. ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात होती. वळताना कोणी हात न लावता गाडी आपोआप पळायला लागणार. असली गाडी सुभेदारांच्या हातात कोण देणार? रघुपती नरसिंहरावांकडे बघायचं टाळत होता. नरसिंहराव गाठोडं मांडीवर घेऊन खाटेवर बसले होते.

रघुपती गाडीपुढे उकिडवा बसला. केबल कुठून येते, कुठे वळते, बोटाने माग काढत गेला. केबल हेडलाइटच्या बाहेरून फिरून येत होती, जुन्या रुंद हँडलला लागायची तशी. "शिवाप्पा, ही आतून घे," तो म्हणाला. "अस्तर आतून जातं, बाहेरून नाही." शिवाप्पाला अस्तराचं काही कळलं नाही, पण केबलचं कळलं. त्याने टाकी सैल केली, केबल हेडलाइटच्या मागून आतून घेतली. अर्धा तास गेला. परत गाडी चालू झाली. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. इंजिनाचा आवाज तसूभर बदलला नाही.

गाडीला हळदकुंकू लागलं, हार पडला. दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. सुभेदार रेलून बसले. त्यांनी हात पुढे केले, आणि बघायची गरज न पडता दोन्ही हात दोन मुठींवर पडले. डाव्या हाताची बोटं क्लचवर मिटली. सहा महिन्यांत पहिल्यांदा मिटली. लिंबं फचकन फुटली आणि गाडी गल्लीतून बाहेर पडून तुमकूर रोडकडे गेली.

"एक फेरी मारून येतो म्हणाले," शिवाप्पा म्हणाला.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. चाळीस झाली तेव्हा रघुपती गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. कोपर अडलं असेल? ट्रकासमोर क्लच सुटला असेल? वाळू भरताना कुठे पोकळी राहिली असेल आणि पाइप दबला असेल? आता त्याला शेडचं काही वाटत नव्हतं. शेड गेली तर गेली, पण त्या माणसाला काही होऊ नये, एवढंच तो देवाला सांगत होता. नरसिंहराव आत बसून होते. गाठोडं अजून मांडीवरच होतं.

सव्वा तासाने तो आवाज आला. गाडी गल्लीत वळली, आणि सुभेदारांच्या मागे, डोक्यावरून पदर घेऊन, एका हाताने नवऱ्याचा खांदा आणि दुसऱ्या हाताने पेढ्यांचा पुडा धरून सकवारबाई बसल्या होत्या. मत्तीकेऱ्याला जाऊन, बायकोला घेऊन, वाटेत मारुतीला नारळ फोडून आला होता तो माणूस.

"दुखला नाही," सुभेदार म्हणाले. गाडी बंद करून त्यांनी डावा हात वर केला आणि सगळ्यांना दाखवला. "मास्तर, एकदाही दुखला नाही. हँडल आहे हे विसरलो मी. हात नुसते तिथं होते." ह्या वेळी त्यांनी मान दुसरीकडे वळवली नाही.

नरसिंहराव उठले. गाडीभोवती एक चक्कर मारली. सुभेदारांचा डावा खांदा पाहिला, उजवा पाहिला, पाठ पाहिली. कुठेही ओढ नव्हती, कुठेही चुणी नव्हती. मग ते शेडमध्ये गेले, गाठोडं सोडलं आणि मोठी कात्री पाइप वाकवायच्या यंत्राच्या शेजारी पाटावर ठेवली.

"दोघांची पूजा एकदम करून टाक," ते म्हणाले. "दोन-दोन ठिकाणी भटजी कशाला?"

रघुपती पाटापुढे बसला. त्याने आधी यंत्राला कुंकू लावलं, मग कात्रीला, आणि दोन्हींपुढे डोकं टेकवलं. शिवाप्पाने दारात कोहळा फोडला. सुभेदारांनी पेढे वाटले आणि गल्लीतल्या ओळखीच्या, अनोळखी प्रत्येकाला हात हलवून दाखवला.

सकवारबाई मात्र मागच्या सीटवरून उतरायला तयार नव्हत्या. "ह्यांच्या अंगाचं सगळ्यांनी बघितलं," त्या म्हणाल्या. "माझ्या पाठीचं काय? मागं टेकायला काय नाही. सव्वा तास ताठ बसून कंबर मोडली माझी. मास्तर, मला टेकायला एक कमान करून द्या बघू. आणि माप आत्ताच घ्या, मी बसलेली आहे तोवर."

"बसल्या जागीच राहा, अक्का," रघुपती म्हणाला. "सैल बसा. घरी पाटावर बसता तसं." त्याने टेप काढली, सीटपासून पाठीची उंची धरली, आणि लिहायला वही शोधायला मागे वळला.

शिंप्याच्या दुकानात माप घेऊन मोठ्याने सांगतो तो मास्तर असतो आणि लिहितो तो हाताखालचा. कॉटनपेटेच्या दुकानात पन्नास वर्षं मापं सांगितली नरसिंहरावांनी. त्यांनी कुणाचं सांगितलेलं माप कधी लिहून घेतलं नव्हतं.

वही त्यांनी आधीच उघडली होती. कानामागची पेन्सिल काढून, नाकावरचा चष्मा नीट करून ते यंत्राशेजारी खाटेवर बसले होते.

"हं," ते म्हणाले. "सांग. लिहितो मी."